पाच सेकंद सगळ्यांना सारखे का नसतात?

2019 च्या फॉर्म्युला वन कॅनडा ग्रां प्रीमध्ये शेवटची रेषा सगळ्यांत आधी ओलांडली सेबॅस्टियन व्हेटेलने. लुईस हॅमिल्टन त्याच्या 1.342 सेकंद मागे होता. तरी विजेता ठरला हॅमिल्टन. 48 व्या फेरीत व्हेटेलची फेरारी घसरून गवतात गेली होती. तिथून ट्रॅकवर परत येताना तिने हॅमिल्टनला भिंतीकडे रेटलं, असं स्टुअर्ड्सनी, म्हणजे शर्यतीच्या पंचांनी, ठरवलं आणि 5 सेकंदांची पेनल्टी लावली. शर्यत संपल्यावर व्हेटेल तावातावाने निघून गेला, मग परत आला आणि गाड्यांसमोर ठेवलेले ‘1’ आणि ‘2’ आकड्यांचे फलक उचलून त्याने सरळ अदलाबदल करून टाकले. लोक हॅमिल्टनची हुर्यो उडवायला लागले तेव्हा मात्र, त्याच्यावर कशाला ओरडता, ओरडायचंच तर या निर्णयांवर ओरडा, असं सांगणाराही व्हेटेलच होता.

आता 2021 ची ब्रिटनमधली सिल्व्हरस्टोनची शर्यत. पहिल्याच फेरीत, कॉप्स नावाच्या अतिवेगवान वळणावर हॅमिल्टनचं पुढचं चाक मॅक्स व्हर्स्टापेनच्या मागच्या चाकाला लागलं. व्हर्स्टापेनची गाडी टायरच्या भिंतीवर जाऊन आदळली. धक्का 51 जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या 51 पट, इतका मोजला गेला आणि त्याला तपासणीसाठी रुग्णालयात न्यावं लागलं. चूक मुख्यत्वे हॅमिल्टनची, असा निर्णय झाला. शिक्षा 10 सेकंद. ती भोगून हॅमिल्टनने 52 पैकी 50 व्या फेरीत शार्ल लेक्लेरला मागे टाकलं आणि शर्यत खिशात घातली.

पहिल्या प्रकरणात गाडीला गाडी लागलीसुद्धा नाही आणि हातचा विजय गेला. दुसऱ्यात एक जण रुग्णालयात पोचला आणि चूक ज्याच्या माथी आली तो पोडियमच्या सर्वांत वरच्या पायरीवर उभा राहिला. या दोन शर्यती शेजारी शेजारी ठेवल्या की वादाला रात्र पुरत नाही. एक म्हणतो नियम म्हणजे नियम, दुसरा म्हणतो हा कुठला न्याय. माझ्या मते बहुतेक वेळा दोघांचंही बरोबर असतं, कारण दोघं वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत असतात. नियम मोडला का, हा एक प्रश्न. मोडला असेल तर किती शिक्षा, हा दुसरा. आणि त्या शिक्षेमुळे निकालाचं काय झालं, हा तिसरा. चाहत्यांचं रक्त उसळतं ते तिसऱ्यामुळे. स्टुअर्ड्सना मात्र फक्त पहिल्या दोनांची उत्तरं द्यायची असतात. तिसऱ्याकडे त्यांनी बघू नये, अशीच अपेक्षा असते.

शिट्टी एकाच्या हातात, निकाल दुसऱ्यांच्या

टीव्हीवर ‘घटनेची चौकशी सुरू’ अशी पट्टी येते तेव्हा पडद्यामागे दोन वेगळ्या खोल्या कामाला लागलेल्या असतात. एक रेस कंट्रोल. तिथे रेस डायरेक्टर असतो. शर्यत सुरू करणं, झेंडे, सेफ्टी कार (अपघातानंतर सगळ्यांच्या पुढे राहून वेग रोखणारी गाडी), शर्यत थांबवणं हे सगळं त्याच्याकडे. दुसरी खोली स्टुअर्ड्सची. फॉर्म्युला वनमध्ये हे साधारणपणे चार जण असतात आणि 2010 पासून त्यांच्यात एक माजी ड्रायव्हर असतो. रेस डायरेक्टर एखादी घटना त्यांच्याकडे पाठवू शकतो, शिक्षा मात्र तो देऊ शकत नाही. ती द्यायची स्टुअर्ड्सनी. त्यांच्यासमोर सगळ्या गाड्यांवरच्या कॅमेऱ्यांची दृश्यं असतात, गाडीचा वेग, ब्रेकवरचा दाब, स्टीअरिंगचा कोन यांची नोंद असते, संघाचं रेडिओवरचं बोलणं असतं. शिवाय 2022 पासून जिनिव्हात एक दूरस्थ केंद्र सुरू झालं आहे, तिथली माणसंही मदतीला असतात.

हा फरक लक्षात ठेवला तर अर्धे वाद तिथेच मिटतात. 12 डिसेंबर 2021 ची अबू धाबीची शर्यत घ्या. तिच्याबद्दल आजही लोक ‘पेनल्टी’ म्हणून भांडतात, पण ज्या निर्णयाने विजेतेपद फिरलं तो पेनल्टी नव्हताच. निकोलस लतिफीची गाडी 53 व्या फेरीत भिंतीवर गेली, सेफ्टी कार आली, आणि रेस डायरेक्टर मायकल मासी यांनी हॅमिल्टन आणि व्हर्स्टापेन यांच्यामध्ये अडकलेल्या पाचच गाड्यांना पुढे काढून दिलं. फेरीने मागे पडलेल्या बाकीच्या गाड्या होत्या तिथेच राहिल्या. त्यानंतर सेफ्टी कार आणखी एक फेरी फिरायला हवी होती, ती त्याच फेरीत आत बोलावली. शेवटची एक फेरी मोकळी मिळाली, व्हर्स्टापेनचे टायर नवे होते, शर्यत आणि विजेतेपद दोन्ही त्याचं झालं. हा रेस कंट्रोलचा निर्णय होता. स्टुअर्ड्सकडे गेली ती त्यावरची हॅमिल्टनच्या मर्सिडीज संघाची हरकत, आणि ती त्यांनी फेटाळली. 2022 च्या फेब्रुवारीत मासी यांना त्या पदावरून दूर करण्यात आलं. मार्चमध्ये एफआयएने, म्हणजे या खेळाच्या जागतिक नियामक संस्थेने, स्वतःच्याच चौकशीअंती मानवी चूक झाल्याचं मान्य केलं, मात्र निकाल कायम ठेवला. शिक्षा अन्यायकारक होती असं इथे म्हणताच येत नाही, कारण शिक्षा कुणालाच झाली नव्हती. प्रक्रिया मोडली होती. माझ्या दृष्टीने ते जास्त गंभीर.

सेकंदांचा भाव कोण ठरवतं

आता मूळ मुद्दा. फॉर्म्युला वनमधल्या बहुतेक शिक्षा वेळेच्या असतात. सगळ्यांत हलकी 5 सेकंदांची, मग 10 सेकंदांची. त्याहून जड म्हणजे ड्राइव्ह-थ्रू, म्हणजे वेगमर्यादा पाळत पिटलेनमधून (टायर बदलायला गाड्या जिथे थांबतात त्या बाजूच्या रस्त्यातून) न थांबता जाणं. त्याच्याही वर स्टॉप-अँड-गो, म्हणजे पिटमध्ये 10 सेकंद नुसतं थांबून राहणं. 5 किंवा 10 सेकंदांची शिक्षा ड्रायव्हर पुढच्या पिट-स्टॉपला भोगतो. गाडी येऊन थांबली की तेवढा वेळ तिला कुणी हात लावायचा नाही, मग टायर बदलायचे. पुन्हा पिटमध्ये यायचंच नसेल तर ते सेकंद शर्यतीच्या एकूण वेळेत मिळवले जातात.

कागदावर हे अगदी समान वाटतं. एकच गुन्हा, एकच आकडा. पण शर्यतीत 5 सेकंद म्हणजे नेमकं किती नुकसान, हे गुन्ह्यावर ठरत नाही. मागची गाडी किती अंतरावर आहे, यावर ठरतं.

2022 च्या सिंगापूर शर्यतीत सर्जिओ पेरेझने सेफ्टी कारच्या मागे जितकं जवळ राहायला हवं तितकं जवळ न राहिल्याबद्दल 5 सेकंद ओढवून घेतले. तो लेक्लेरच्या 7.595 सेकंद पुढे संपला होता, त्यामुळे विजय शाबूत राहिला. शिक्षा होणार याची कुणकुण लागताच संघाने त्याला अंतर वाढवायला सांगितलं होतं, आणि त्याने ते वाढवलं. म्हणजे वेगवान गाडी हाताशी असेल तर शिक्षा आधीच ‘भरून’ टाकता येते. उलट 2023 च्या ऑस्ट्रेलियात कार्लोस साइन्झला शेवटच्या रीस्टार्टला फर्नांडो अलोन्सोला धडक दिल्याबद्दल तितकेच 5 सेकंद मिळाले. ती शर्यत सेफ्टी कारच्या मागे संपली. सेफ्टी कार आली की सगळ्या गाड्या एकमेकींना चिकटून रांगेत येतात, मधली अंतरं पुसली जातात. साइन्झ चौथ्यावरून थेट बाराव्या क्रमांकावर फेकला गेला. गुणांच्या पार बाहेर. निकाल कळायच्या आधी रेडिओवर तो अक्षरशः विनवणी करत होता.

पेरेझचे 5 सेकंद फुकटात गेले, साइन्झला त्यांच्यापायी आठ जागा मोजाव्या लागल्या. वजन तेच, तराजू निराळा.

आणि ज्याच्याकडे गमावण्यासारखं काहीच नाही, त्याला तर सेकंदांची भीती उरतच नाही. 2024 मध्ये जेद्दाला केव्हिन मॅग्नुसनने हे उघडउघड करून दाखवलं. एक पेनल्टी आधीच डोक्यावर होती, नंतर ट्रॅकबाहेरून युकी त्सुनोदाला मागे टाकल्याबद्दल दुसरी आली. एकूण 20 सेकंद. स्वतःची शर्यत गेलीच होती, तेव्हा त्याने मागच्या गाड्या फेऱ्यामागून फेऱ्या अडवून धरल्या. तोवर त्याचा हास संघातला सहकारी निको हुल्केनबर्ग पुढे पुरेसं अंतर काढून पिट-स्टॉप करून आला आणि दहाव्या क्रमांकाचा एक गुण घेऊन गेला. नियमात बसणारी ही चाल होती. ती पाहताना मला एकाच वेळी कौतुक आणि चीड, दोन्ही वाटलं. प्रतिस्पर्ध्यांना फक्त चीड आली असणार.

अशा वेळी उपयोगी पडते ती दुसरी वही, पेनल्टी पॉइंट्सची. 2014 पासून प्रत्येक गुन्ह्याला सेकंदांच्या जोडीला ड्रायव्हरच्या परवान्यावर असे गुणही चढू शकतात. 12 महिन्यांत 12 झाले की एका शर्यतीची बंदी. दहा वर्षं ही तरतूद नुसती धाक दाखवत होती. 2024 च्या मोंझा शर्यतीत तिने पहिला बळी घेतला, आणि तो होता मॅग्नुसनच. बाकूची शर्यत त्याला घरी बसून पाहावी लागली, त्याच्या जागी ऑलिव्हर बेअरमन उतरला. सेकंद एका शर्यतीचा हिशेब करतात, हे गुण सवयीचा.

मग सेकंदांऐवजी सरळ जागाच का काढून घेत नाहीत? हा प्रश्न सयुक्तिक आहे. दोघांच्या झटापटीत एकाने ट्रॅकबाहेरून फायदा घेतला असेल तर जागा परत देणं हीच सर्वांत नेमकी भरपाई, आणि रेस कंट्रोल अनेकदा तशी संधी देतंही. पण ते दिसतं तितकं सोपं नाही. 2021 मध्ये जेद्दातच व्हर्स्टापेनला हॅमिल्टनला जागा परत द्यायला सांगितलं गेलं. त्याने वेग कमी केला, पण हॅमिल्टनला निरोप पोचलेला नव्हता. पुढचा असा हळू का झाला हे त्याला कळेना, आणि डीआरएसचा, म्हणजे मागचा पंख उघडून वेग वाढवण्याच्या सोयीचा, फायदा मागे राहणाऱ्याला मिळू नये म्हणून तिच्या नोंदीच्या रेषेआधी पुढे जायची इच्छा दोघांनाही नव्हती. त्यात व्हर्स्टापेनने एकदम ब्रेक दाबला. स्टुअर्ड्सच्या नोंदीत तो 2.4 जी इतका भरला. हॅमिल्टन मागून धडकला. जागा देण्याच्या नादात व्हर्स्टापेनवर 10 सेकंद आले आणि त्या 10 सेकंदांनी त्याचा दुसरा क्रमांकही हलला नाही.

मोटरसायकल शर्यतींच्या मोटोजीपीने 2019 मध्ये वेगळी वाट काढली. लाँग लॅप. एका ठरावीक वळणाच्या बाहेरच्या बाजूने आखलेल्या लांबच्या पट्ट्यातून स्वाराला जावं लागतं. वेळ तिथल्या तिथे जातो, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर जातो, नंतर बेरजा करत बसावं लागत नाही. मला हा मार्ग जास्त पटतो. मागची गाडी दूर असेल तर तोही स्वस्तातच पडतो, हा भाग सोडा.

परिणामाकडे का बघत नाहीत

सिल्व्हरस्टोनचा राग इथे येऊन थांबतो. समोरचा भिंतीवर गेला, त्याची शर्यत संपली, मग शिक्षाही तितकीच जबर का नको?

असं समजा की एकाच वळणावर, एकाच वेगाने, एकाच चुकीने दोन धडका झाल्या. एका गाडीला ओरखडा आला आणि ती पुढे निघून गेली. दुसरीचा टायर फुटला आणि ती भिंतीवर गेली. ड्रायव्हरने केलं ते दोन्हीकडे सारखंच. पुढे काय घडलं हा चाक कुठे लागलं, मागे खडी होती की डांबर, नशिबाने किती साथ दिली याचा खेळ. परिणाम पाहून शिक्षा ठरवायची म्हटलं तर दैवाचा हिशेब ड्रायव्हरच्या खात्यावर मांडावा लागेल. शिवाय आपल्या विजेतेपदाच्या प्रतिस्पर्ध्याला टक्कर देणाऱ्याला जास्त आणि शेवटून दुसऱ्याला टक्कर देणाऱ्याला कमी, असं होईल. म्हणून कृती बघायची, परिणाम नाही, हे धोरण. मला ते बरोबर वाटतं. गोची एवढीच की शिक्षा देताना परिणाम बघत नाहीत, पण शिक्षा झाल्यावर तिचाच परिणाम साइन्झसारख्याला आठ जागा खाली नेतो, आणि तिथेही बघत नाहीत. एका बाजूने डोळे मिटायचे तर दुसऱ्याही बाजूने मिटावे लागतात, हे तर्काला धरून आहे. चाहत्याच्या पचनी पडत नाही, हेही तितकंच खरं.

जाणूनबुजून केलेलं असेल तर मात्र मामला बदलतो. 1997 मध्ये हेरेझला मायकल शूमाखरने विजेतेपदाच्या लढतीत जॅक व्हिल्नव्हच्या गाडीवर आपली गाडी घातली. त्यातून स्वतःच बाहेर पडला, आणि नंतर त्याला त्या संपूर्ण मोसमाच्या क्रमवारीतून बाद करण्यात आलं. याच्या उलट 1990 ची सुझुका. आयर्टन सेनाने पहिल्याच वळणावर ॲलन प्रॉस्टला धडक दिली, दोघंही बाहेर, विजेतेपद सेनाला. शिक्षा शून्य. पुढच्या वर्षी त्याने ते मुद्दाम केल्याचं कबूल केलं. त्याच्या मनात राग होता तो 1989 च्या सुझुकाचा, जिथे प्रॉस्टशी टक्कर झाल्यावरही त्याने शर्यत जिंकली होती आणि नंतर त्याला बाद ठरवून विजेतेपद प्रॉस्टकडे गेलं होतं. एका निर्णयाचा राग पुढच्या वर्षीच्या ट्रॅकवर उतरला.

वळण कुणाचं?

सगळ्यांत क्लिष्ट भाग हाच. दोन गाड्या शेजारी शेजारी वळणाकडे येतात. वळणाच्या आतल्या कडेला जिथे गाडी सर्वांत जवळ येते तो बिंदू म्हणजे एपेक्स. वळणाचा हक्क कुणाचा हे ठरवताना त्या बिंदूपाशी कोण कुठे होतं ते पाहतात. आतल्या बाजूने ओव्हरटेक करणाऱ्याचा पुढचा आस (पुढच्या चाकांना जोडणारी रेषा) एपेक्सला निदान समोरच्या गाडीच्या आरशापर्यंत पोचलेला हवा. बाहेरच्या बाजूने जाणाऱ्याला याहून कडक अट. त्याचा पुढचा आस एपेक्सला समोरच्याच्या पुढच्या आसाच्या पुढे हवा. तसं असेल तरच त्याला जागा सोडणं आतल्याला बंधनकारक.

या अटीची पळवाट शोधायला ड्रायव्हरना वेळ लागला नाही. तुम्ही आत आहात आणि बाहेरचा पुढे निघतोय, तर ब्रेक उशिरा मारा. एपेक्सला तुम्ही आधी पोचाल, नियमाने वळण तुमचं. मग गाडी रुंद जाऊन ट्रॅकबाहेर गेली तरी काय बिघडलं?

2024 मध्ये ऑस्टिनला नेमकं हेच झालं. 56 पैकी 52 व्या फेरीत लँडो नॉरिस बाहेरून व्हर्स्टापेनला मागे टाकायला गेला. दोघंही ट्रॅकबाहेर गेले, नॉरिस पुढे राहून परतला आणि त्याने जागा दिली नाही. 5 सेकंद, आणि तिसऱ्याचा चौथा. कारण एपेक्सला तो पुढे नव्हता. पण स्टुअर्ड्सचा कागद नीट वाचला तर त्यात एक गंमत आहे. अशा गुन्ह्याला शिफारस 10 सेकंदांची होती. व्हर्स्टापेन स्वतःही ट्रॅकबाहेर गेला होता आणि नॉरिसला बाहेर जाण्यावाचून फारसा पर्याय उरला नव्हता, म्हणून त्यांनी ती निम्मी केली. म्हणजे मनातून त्यांनाही पटलेलं नव्हतं, पण चौकट सोडता येत नव्हती. निदान मला तरी त्या ओळी तशाच वाचता येतात. नॉरिसच्या मॅक्लारेन संघाने फेरविचार मागितला, तो फेटाळला गेला. पुढच्याच आठवड्यात मेक्सिकोत व्हर्स्टापेनने नॉरिसला एकाच फेरीत दोनदा तसाच हिसका दाखवला आणि या वेळी त्याच्या पदरात 10 अधिक 10 असे 20 सेकंद पडले.

त्यानंतरच्या मार्गदर्शक सूचनांत आतून येणाऱ्यावर जास्तीची अट स्पष्ट केली गेली. नुसतं एपेक्सला आधी पोचणं पुरेसं नाही, गाडी ताब्यात हवी आणि वळण ट्रॅकच्या हद्दीत पूर्ण करता आलं पाहिजे. 2025 मध्ये एफआयएने या सूचना जाहीरही केल्या. त्याआधी चाहते ज्या नियमांवर हिरिरीने भांडत होते, ते त्यांनी वाचलेलेच नसायचे. वाचायला मिळतच नव्हते.

जिथे मोजपट्टी बोलते

काही निर्णय क्रिकेटमधल्या पायचीतसारखे असतात. अंदाज, कोन, अनुभव, मतभेद. काही धावबादसारखे. बॅट रेषेच्या आत की बाहेर, विषय संपला. तांत्रिक तपासणी या दुसऱ्या जातीची. 2024 मध्ये बेल्जियमला जॉर्ज रसेलने एकाच पिट-स्टॉपच्या धाडसी डावावर शर्यत जिंकली. नंतर इंधन काढून गाडी वजनकाट्यावर चढवली तेव्हा ती 796.5 किलो भरली. किमान हवं होतं 798. दीड किलोसाठी विजय गेला, हॅमिल्टनला मिळाला. दीड किलोने त्याला कितीसा फायदा झाला असेल, हा प्रश्न तिथे कुणी विचारतच नाही. एकदा विचारायला लागलं की प्रत्येक संघ तज्ज्ञ घेऊन येईल आणि निकाल महिनाभर लागणार नाही. 2025 च्या लास व्हेगासमध्ये मॅक्लारेनच्या दोन्ही गाड्या, दुसरा आलेला नॉरिस आणि चौथा आलेला ऑस्कर पियास्त्री, तळाची फळी झिजून 9 मिलिमीटरपेक्षा पातळ झाली म्हणून बाद झाल्या. फरक मिलिमीटरच्या अंशांचा होता. हेतू वाईट होता असं कुणी म्हटलं नाही. तरी बाद.

ट्रॅक लिमिट्स खरं तर याच जातीचे. चारही चाकं पांढऱ्या रेषेबाहेर गेली की उल्लंघन. ड्रायव्हरला आधी इशारे, मग काळा-पांढरा झेंडा, आणि चौथ्या वेळी 5 सेकंद. 2023 मध्ये ऑस्ट्रियाला या साध्या नियमाने सगळ्यांचा घाम काढला. शर्यतीत 1200 हून अधिक संभाव्य उल्लंघनं नोंदली गेली. तेवढी शर्यत चालू असताना तपासणं शक्यच नव्हतं. शर्यत संपली, पोडियम झालं, शॅम्पेन उडालं, ॲस्टन मार्टिनने हरकत घेतली, आणि काही तासांनी आठ ड्रायव्हरांवर नव्या शिक्षा लागल्या. साइन्झ चौथ्यावरून सहावा झाला. नियम काटेकोर, अंमल अगदी प्रामाणिक, आणि तरी निकाल हास्यास्पद. पुढच्या वर्षी आयोजकांनी नवव्या आणि दहाव्या वळणाच्या बाहेर खडीचे पट्टे टाकले. बाहेर गेलात तर वेळ आपोआप जाणार. कुणाला काही मोजायलाच नको. माझं म्हणाल तर गेल्या काही वर्षांतली सर्वांत न्याय्य ‘पेनल्टी’ ती खडी आहे.

निर्णय फिरतो का?

क्वचित. फेरविचाराचा हक्क संघांना आहे, पण निर्णय चुकीचा वाटतो एवढं कारण चालत नाही. आधी उपलब्ध नसलेला, महत्त्वाचा आणि संबंधित असा नवा पुरावा लागतो. व्हेटेलच्या कॅनडाच्या शिक्षेवर फेरारी गेली ती याच पायरीवर अडखळली.

2023 मध्ये जेद्दाला मात्र अलोन्सोचं नशीब फळफळलं. सुरुवातीला गाडी चौकटीत नीट उभी नव्हती म्हणून त्याला 5 सेकंद मिळाले. ते पिटमध्ये भोगत असताना गाडी उचलायचा मागचा जॅक गाडीला टेकला. म्हणजे हात लावला, म्हणजे शिक्षा नीट भोगली नाही. आणखी 10 सेकंद, आणि पोडियम गेलं. त्याच रात्री संघाने आधीच्या शर्यतींची चित्रणं पुढे केली. त्यांत तसाच जॅक टेकला होता आणि कुणालाही शिक्षा झालेली नव्हती. स्टुअर्ड्सनी निर्णय मागे घेतला. अलोन्सोला त्याचं शंभरावं पोडियम परत मिळालं, तोवर करंडक घेऊन छायाचित्रं काढून झालेला रसेल चौथा झाला.

1998 च्या सिल्व्हरस्टोनला तर याहून नवल घडलं होतं. शूमाखरला 10 सेकंदांची शिक्षा उशिरा कळवली गेली आणि कागदावर हाताने लिहिलेलं नेमकं काय म्हणायचंय तेच संघाला उमगेना. तो शेवटच्या फेरीत पिटमध्ये शिरला. फेरारीचं गॅरेज अंतिम रेषेच्या पलीकडे होतं. म्हणजे शिक्षा भोगायला थांबण्याआधीच तो पिटलेनमध्ये रेषा ओलांडून जिंकला होता! शिक्षा पुढे रद्द झाली आणि तिघा स्टुअर्ड्सनी आपले परवाने परत केले.

शर्यत चालू असताना दिलेली शिक्षा एकदा भोगून झाली की ती मागे घेणं जवळजवळ अशक्य असतं, हे 2025 मध्ये झांडवूर्टला पुन्हा दिसलं. लियाम लॉसनशी झालेल्या धडकेबद्दल साइन्झला 10 सेकंद आणि परवान्यावर दोन पेनल्टी पॉइंट्स मिळाले होते. त्याच्या विल्यम्स संघाने फेरविचार मागितला, नवी चित्रणं दाखवली, आणि ती शर्यतीतली साधी घटना होती हे स्टुअर्ड्सनी मान्य केलं. दोन पॉइंट्स पुसले गेले. 10 सेकंद मात्र साइन्झने शर्यतीतच पिटमध्ये उभं राहून भोगले होते. निकालात बदल झाला नाही.